पाटकऱ्याची वही

पाटकरी कुठल्याही खोलीत शिरला की आधी मागं वळून दार लावायचा, आणि लावल्यावर ते खरंच लागलंय का हे तळहातानं ढकलून बघायचा. आमच्या कॉम्प्युटर रूमचं दार तर आपोआप लागणारं होतं, वरती दांडी होती त्याला. तरी हा ढकलून बघणार. येताना एकदा, जाताना एकदा. ऑफिसातला नळ गळत असला तर याला खुर्चीत बसवायचं नाही. उठायचा, नळ घट्ट करायचा आणि खाली बोट धरून उभा राहायचा. थेंब पडत नाही याची खात्री झाली की बोट शर्टाला पुसून परत कामाला. मी तेव्हा त्याला हसायचे. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींना हसायचे, दात चांगले होते.

पाटकरी हे त्याचं नाव नव्हे. पाटकरी म्हणजे कालव्यावरचा माणूस. फाट्याचं दार किती उघडायचं, कुणाच्या चारीला, म्हणजे रानात जाणाऱ्या लहान पाटाला, पाणी कधी सोडायचं हे बघणारा. त्याच्या वडिलांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर ते काम केलं. हे लोक पळसदेवचे. जुनं गाव धरणात गेलेलं. कुणी त्याला घर कुठंय म्हणून विचारलं तर म्हणायचा, "नवं का जुनं? जुनं असंल तर पाण्याकडं बोट करतो, तुमी अंदाजानं बघा." ऑफिसात साहेब लोक त्याला आडनावानं हाक मारायचे. आपल्याकडं काही आडनावं ऐकली की लोक पुढचं काही विचारत नाहीत, सगळं कळलं असं समजतात. त्याच्या टेबलाच्या काचेखाली निळ्या कोटातला फोटो होता, त्यानं उरलंसुरलंही कळायचं. एकदा मीच त्याला विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं? तर म्हणाला, "पाटकरी म्हणा. बापानं उन्हात उभं ऱ्हाऊन कमवलंय ते." मी तोंडावर त्याला अहोजाहो करायचे आणि पाठीमागं एकेरीत बोलायचे. इथंही एकेरीतच लिहिते आहे. आता ते मायेनं आहे असं म्हणते. माया जरा उशिरा आली, एवढंच.

मी कोण होते हेही सांगून टाकते, म्हणजे त्याच्याबद्दल लिहायला मोकळी. चाळिशीला टेकलेली, पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, सांगवीच्या एका बऱ्या घरातली सून. डिप्लोमा मी लॅमिनेट करून घेतला होता आणि त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेवायचे, वाटेत कुणी विचारलं तर असावी म्हणून. चोवीस वर्षं झाली, अजून वाटेत कुणी विचारलेलं नाही. मोपेडवर गॉगल लावून कारखान्यात यायचे. गेटवरच्या वॉचमननं सलाम केला नाही तर पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याइतकी मी मूर्ख होते. एकदा तसं केलंही आहे.

कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडं उसातून कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी एखाद्या चिमणीखालीच निघता, त्यातलीच एक समजा. आमचं काम तोडणीच्या यादीचं. शेतकऱ्यानं ऊस लावला की कारखान्याचा माणूस शेतात जाऊन लागणीची तारीख लिहून आणतो. त्याला चिटबॉय म्हणतात, मग तो पन्नाशीचा का असेना. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. त्या यादीवर माणसाचं वर्ष अवलंबून. तोड लांबली की उसाला तुरा येतो, आत पोकळ पडतो, वजन जातं, आणि रान मोकळं न झाल्यानं गहूही जातो. म्हणून हंगामात आमच्याकडं कुणी कुणाला कसा आहेस विचारत नाही. तोड आली का, असं विचारतात.

यादी काढायचा प्रोग्रॅम जुना होता, कुणीतरी करून ठेवलेला, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कधी तारखा उलट्या पडायच्या, कधी एकच नाव दोनदा यायचं. पाटकरी नवीन लागला तेव्हा पुण्याहून आणलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला होता, पर्ल नावाच्या भाषेचं; तो प्रोग्रॅमही त्याच भाषेतला. त्यातून त्यानं जे शोधलं ते मी आधी ऐकलं तेव्हा मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मी कळू दिलं नाही. ते असं. प्रोग्रॅमला फाइलीत काही लिहायचं असलं, फाइलीतलं वाचायचं असलं, तर तो थेट फाइलीला हात लावत नाही. त्याच्या हातात एक मूठ असते, तिला हँडल म्हणतात. पाटकऱ्यानं ती मूठ फाइलीला न बांधता स्वतः लिहिलेल्या एका क्लासला बांधली. क्लास म्हणजे नेमून दिलेली कामं करणारा एक माणूसच समजा. प्रोग्रॅम म्हणाला 'लिही', तर काय लिहायचं ते तो क्लास ठरवणार. 'वाच' म्हणाला, तर काय वाचून द्यायचं तेही तोच. 'बंद कर' म्हणाला, तर बंद करताना आणखी काय करायचं तेही त्याच्याच हातात. जुन्या प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा बदलायची नाही, आणि तारखा मात्र सुतासारख्या सरळ.

साहेबांना हे दाखवलं तो दिवस मला आठवतो. कॉम्प्युटर रूमबाहेर चपलांची रांग लागलेली, आत चार माणसं मोज्यांवर उभी. पाटकऱ्यानं यादी काढून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, प्रोग्रॅमला वाटतंय त्यो फायलीत लिहितोय. वाटू द्या त्याला. मधी दारावर आपण बसलोय."

साहेब हसले. म्हणाले, "म्हणजे तू मधल्यामधी काहीही घुसडू शकतोस की रे."

"घुसडू शकतो साहेब. म्हणून तर वही ठेवलीया."

वही म्हणजे दुसरी एक फाइल. त्या क्लासमधून कुणीही यादीची फाइल उघडली की त्याचं लॉगिन, वेळ आणि त्या वेळी यादी कुठल्या क्रमानं निघाली, हे सगळं गुपचूप तिच्यात उतरायचं. त्याचे वडील कालव्यावर अशीच वही ठेवायचे. दार किती वाजता उघडलं, कुणासाठी, किती वाजता पाडलं. "दारावर बसणाऱ्यानं वही ठिवायचीच," पाटकरी म्हणाला. "न्हायतर त्यो मालक व्हतो." साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात त्या बोलण्यातलं अर्धंच राहिलं हे पुढं कळलं. माझ्या डोक्यात तेवढंही राहिलं नाही, कारण मी त्या वेळी नव्या सिल्कच्या साडीचा पदर खुर्चीच्या चाकात जाऊ नये म्हणून सांभाळत होते.

यादी निघाली की आम्ही सगळे वरून वाचायला लागायचो. पाटकरी खालून. शेवटचं नाव आधी. कालव्यात शेवटच्या रानाला टेल म्हणतात. तिथपर्यंत पाणी क्वचित पोचतं आणि तिथल्या माणसाची ओरड कुणाला ऐकू येत नाही. "वरच्यांचं बघायला लई लोक हायती," तो म्हणायचा. "टेलला पोचलं का ते सांगा." हे तो यादीला म्हणायचा, चहाच्या किटलीला म्हणायचा, दिवाळीला पेढे वाटतानाही म्हणायचा. शिपायाला पेढा मिळाल्याशिवाय स्वतः घ्यायचा नाही. मला तो नाटकी वाटायचा. स्वतःला काही करायचं नसलं की दुसऱ्याचं खरेपण नाटकी वाटतं.

शिकवलं मात्र त्यानं मला सगळं. मी विचारलं नव्हतं. मला येतं असंच मी दाखवत होते. पण तो टेबलावर खडूनं फाटा काढायचा, चाऱ्या काढायचा, आणि म्हणायचा, "मॅडम, तुमी नुसतं बघा." मी पहिला क्लास लिहिला तेव्हा एक गंमत झाली. 'लिही' असं सांगितल्यावर काय करायचं, ते लिहिताना मी त्याच्या आत पुन्हा त्याच हँडलला 'लिही' म्हटलं. मग ते हँडल पुन्हा क्लासकडं आलं, क्लास पुन्हा हँडलकडं गेला, हँडल पुन्हा क्लासकडं. सगळी मशीन अडकली. गावोगावच्या गट ऑफिसांचे फोन सुरू झाले. साहेब दारात आले आणि मी ताडकन उठून म्हणाले, "सर, लाइट कमीजास्त झाली."

पाटकऱ्यानं माझ्या स्क्रीनकडं एकदा बघितलं. मग साहेबांना म्हणाला, "व्हय साहेब, लाइटच असंल."

साहेब गेल्यावर त्यानं माझी ती ओळ खोडली आणि म्हणाला, "तुमी चारीचं पाणी त्याच चारीत परत सोडलं. घेरी आली त्याला." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझ्यासाठी तो एकदा खोटं बोलला होता, ही गोष्ट मी ध्यानात ठेवायला हवी होती. ठेवली, पण वेगळ्या कामासाठी. हा माणूस आपल्याविरुद्ध बोलत नाही, असं मी नोंदवून ठेवलं.

आता कडू भाग. तो लांबवत होते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

सांगवीला आमच्या ओट्यावर सकाळी माणसं बसायची. मामंजी म्हणजे माझे सासरे मधे, बाकीची बाजूनं. मी आतून चहा पाठवायचे. एका सकाळी तात्या म्हणून त्यांचे एक दोस्त होते, त्यांनी विचारलं, "तुमची सून कारखान्यात करती काय पण?"

"बटणं दाबती," मामंजी म्हणाले.

"मग आपल्या उसाचं एखादं बटण न्हाय व्हय तिच्याकडं?"

सगळा ओटा हसला. मामंजीही हसले, आणि उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाय बाबा. आमच्या सूनबाईला तेवढं येत नसंल." मी आत गेले आणि डिप्लोमाकडं बघत बसले. भिंतीवर लावला होता, लॅमिनेट केलेला. मला येत नसेल!

त्याच आठवड्यात पाटकरी एक दिवस रजेवर गेला. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यांना घरी पळसदेवला सोडून संध्याकाळी परत येणार होता. दुपारी मी त्याचा क्लास उघडला. फाइलीला मी हात लावला नाही, तेवढी हुशार होते. फाइलीत तारीख खरीच राहिली. 'वाच' असं म्हटल्यावर काय करायचं त्या भागात मी एक अट घातली: अमुक नोंद नंबर आला, तर वाचून देताना तारीख वीस दिवस आधीची द्यायची. बघणाऱ्यानं फाइल उघडली तर सगळं ठीक. यादीत मात्र मामंजी वर. एकट्याचं नाव वर गेलं तर डोळ्यावर येईल म्हणून सांगवीचेच आणखी चार नंबर तसेच उचलले. त्यात एक पाटकऱ्याच्या मेहुण्याचा होता. त्याची बहीण सांगवीतच दिलेली. तो नंबर सहज हाताला लागला, असं मी इतकी वर्षं सांगत आले. म्हणजे स्वतःलाच, दुसऱ्या कुणी विचारलंच नाही. सहज लागला नव्हता.

तीनदा यादी काढून बघितली. दोनदा माझी अट चुकली, तिसऱ्यांदा बसली. ती यादी गट ऑफिसांना गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अट काढून टाकली. क्लास पहिल्यासारखा स्वच्छ. आठ दिवसांत आमच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली. त्या सकाळी मामंजींनी ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची टाकायला सांगितली. "हाय बरं का बटण," ते तात्यांना म्हणाले. मी पुरुषमाणसांत खुर्चीवर बसून चहा प्यायले. चहा कसा होता ते आठवत नाही. खुर्ची आठवते, लाल प्लॅस्टिकची, एका पायात जरा डुगडुगणारी.

आमच्या बांधाला लागून कोंडाबाईंचं रान. एकटी बाई, नवरा गेलेला, दीड एकर आडसाली ऊस. त्यांची लागण आमच्या आठ दिवस आधी झालेली, मी स्वतः बांधावरून बघितली होती. आमचा ऊस तुटताना त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दोन दिवसांनी त्या कारखान्यात आल्या, नोंदीची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. "मला वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या, "पण ही तारीख तुमीच लिवून दिलीया. ती तेवढी मोठ्यांदा वाचा." सोबत आमचा पन्नाशीचा चिटबॉय होता. "साहेब, मी सोता गेलतो," तो म्हणाला. "बाईची लागण आधीची हाय."

मग बैठक. साहेब, शेतकी अधिकारी, दोन संचालक. फाइलीत तारखा खऱ्या, यादीत खोट्या, आणि वर गेलेल्या पाच नावांत एक माझे सासरे, एक पाटकऱ्याचा मेहुणा. म्हणजे दोघांपैकी एकाचा हात, हे कुणालाही कळत होतं. पाटकरी वहीचा छापील कागद घेऊन आला, प्रिंटरचा सलग, घडीघडीचा. टेबलावर पसरला. "वाचा साहेब," म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. त्या कागदावर त्या दुपारी तीनदा माझं लॉगिन होतं. पहिल्या दोन वेळी क्रम सरळ, तिसऱ्या वेळी बदललेला. आणि ती दुपार त्याच्या रजेची.

वही मी विसरूनच गेले होते. मला त्या क्षणी पहिल्यांदा आठवलं की पदर सांभाळताना कानावर काहीतरी पडलं होतं.

साहेबांनी कागद उलटसुलट केला. इंग्रजी लॉगिन, आकडे, वेळा. त्यांना काही उमजेना. त्यांनी तो कागद माझ्याकडं सरकवला. "मॅडम, तुम्हाला कळतं यातलं. काय आहे हे?"

पाटकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नळाखाली बोट धरून थांबायचा ना, तसा थांबला होता.

मी म्हणाले, "सर, ही वही त्यांच्याच क्लासनं लिहिलेली आहे. क्लासनं काय लिहायचं, ते क्लास लिहिणारा ठरवतो."

दोन वाक्यं, आणि दोन्ही खरी. खोटं मी एक अक्षर बोलले नाही, ते मला आजही फार सुबक वाटतं, म्हणून जास्त किळस येते.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "व्हय की. तूच म्हणाला होतास ना रे, काहीही घुसडू शकतो म्हणून?" मग एका संचालकानं मेहुण्याचं नाव काढलं. दुसऱ्यानं पाटकऱ्याचं आडनाव काढलं, नुसतंच, पुढं मागं काही न जोडता, आणि खोलीत जे कुणी बोलत नव्हतं ते सगळ्यांना ऐकू आलं. मी बऱ्या घरातली सून होते. पाटकऱ्याला सांगता आलं असतं की बाई लाइटवर ढकलतात, मी डोळ्यानं बघितलंय. तो बोलला नाही. त्यानं कागदही उचलला नाही. "बरं साहेब," म्हणाला आणि निघाला. जाताना त्यानं दार लावलं नाही. ते दांडीनं आपोआप लागलं.

पुढचं थोडक्यात. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. क्लास माझ्या ताब्यात आला. त्याच्या सुरुवातीला एक ओळ होती, त्याचं नाव आणि खाली 'मु. पो. पळसदेव'. ती काढून मी माझं नाव घातलं, आणि शेजारी डिप्लोमाही. मग वही बंद केली. दोन ओळी खोडल्या की झालं, एवढं सोपं होतं ते. त्यानंतर वरून फोन यायला लागले, अमक्याचं बघा, तमक्याचं बघा. दारावर आता मी बसले होते आणि वही नव्हती. सभेत मला शाल आणि नारळ मिळाला, यादी आधुनिक केल्याबद्दल. शाल चांगली ऊबदार आहे, विरली नाही अजून. कारखान्यानं नवीन सॉफ्टवेअर घेईपर्यंत तो क्लास चालला. एकदा अडकला नाही, एकदा चुकला नाही. यादी चुकली तेव्हा ती माणसांनी चुकवलेली असायची.

पाटकरी पुन्हा दिसला तो इंदापुरात. माझी लेक तिथं दिलेली. नातीचा रहिवासी दाखला काढायचा होता. तहसील कचेरीच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरले, आणि आत तो. चष्मा लागलेला, केस पिकलेले. मी उभी राहिले, तर म्हणाला, "मॅडम, बसा. दार लावून घ्या तेवढं, एसी हाय."

मी दार लावलं. त्यानं मान वाकडी करून ते लागलंय का बघितलं. मग नातीचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, टाइप केली, मला पुन्हा वाचून दाखवली. मी कितीतरी वर्षं मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं घासूनपुसून. ते काढलं. "पाटकरी, त्या दिवशी मी..."

"तुमी खरं बोलला व्हता," तो म्हणाला. हात कीबोर्डवरच होते. "मी लई इचार केला त्याच्यावर. क्लास लिहिणारा ठरवतो, बरोबर हाय. चूक काढता येईना मला. खोटं करायला तुमी माझंच खरं वापरलं. तेवढं मातर मला कधी सुचलं नसतं."

तो कौतुक करत होता की काय तेही कळत नव्हतं. प्रिंटर सुरू झाला. मग त्यानं विचारलं, "कोंडाबाईची तोड कधी आली शेवटी?"

या माणसाचं काम गेलं, नाव गेलं, मेहुण्याच्या घरी बहिणीला दोन वर्षं ऐकून घ्यावं लागलं, आणि हा विचारतो कोंडाबाईची तोड. मला माहीत होतं, बांधालाच बांध. मी म्हणाले, "शेवटच्या टोळीनं. तुरा येऊन पोकळ झाला होता. नंतर त्यांनी ऊस लावलाच नाही. रान वाट्यानं दिलं."

"हं," तो म्हणाला. कागद माझ्या हातात दिला. "टेलला न्हाय पोचलं मग."

मी माफी मागायची ती राहूनच गेली. मागितली असती तर त्यानं 'असू द्या' म्हटलं असतं, आणि मी त्यावर आणखी वीस वर्षं सुखात झोपले असते. तेवढं त्यानं मिळू दिलं नाही. मुद्दाम की सहज, ते मला ठरवता येत नाही. परवाच्या दिवाळीनंतर त्या रस्त्यानं गेले तर दुकानाचं शटर बंद. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. "पाटकरी व्हय? गेलं की ते दिवाळीच्या आधी. छातीत दुखलं आन् गेलं." म्हणजे तिथंही तो पाटकरीच होता. मी चहा न घेता निघाले, आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन त्या चहावाल्याच्या पिंपाचा गळका नळ घट्ट केला. तो माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसा बघत राहिला. त्याचं चुकलं नाही.

त्याच नातीला आता बारामतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय आणि ती माझ्याकडंच राहते. तिची भाषा पायथन. पण माणसाला सुचायचं ते तेच सुचतं. गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसली. "आजी, बघ ना. मी एक क्लास केलाय. प्रोग्रॅमला वाटतं तो फाइलमध्ये लिहितोय, पण मधे माझा क्लास आहे. तो ठरवतो काय लिहायचं ते."

मी चष्मा लावला. 'लिही' होतं, 'वाच' होतं, 'बंद कर' होतं. नीट होतं सगळं, माझ्या पहिल्या क्लासपेक्षा पुष्कळ नीट.

"मी मैत्रिणींना सांगितलं," ती म्हणाली, "माझ्या आजीनं हे तेव्हाच केलं होतं. कुणाला खरंच वाटत नाही."

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणाले. "मी नव्हतं केलं. पळसदेवच्या एका माणसानं केलं होतं. मी नुसतं नाव घातलं."

ती हसली. आजी चेष्टा करते हे तिला माहीत आहे. जन्मभर चेष्टा केली की खरं बोलायला जागा राहत नाही, हे मी तिला कधीतरी सांगायला हवं. मी तिचा क्लास पुन्हा वरून खाली आणि मग खालून वर वाचला.

"यात वही कुठंय?"

"कसली वही?"

"कुणी उघडलं, कधी उघडलं, काय निघालं. ते लिहून ठेवणारी."

"ती कशाला, आजी? हे दुसरं कुणी वापरणार नाहीये. मी एकटीच वापरणार आहे."

"मग तर ठेवच," मी म्हणाले.